ओत्रांतो ते लेऊका, गुरुवारी

पहिला चढ बंदर सोडल्याबरोबर येतो,
अंग तापायच्या आधीच.
लुआन म्हणतो, हलका गिअर टाक एर्सिलिया,
कुणाला दाखवायचंय?
त्याचं बरोबर असतं. तो सायकली दुरुस्त करतो,
गुडघ्यांचं मात्र माझं मला बघावं लागतं.

ट्रामोंताना पाठीशी असला
की त्रेसष्टाव्या वर्षी मी पोरगी.
सिरोको समोरून आला की
बायबलमधली कुणीतरी.

एकतीस वर्षं याच रस्त्यावर टपाल वाटलं,
पण समुद्र काही पाहिला नाही.
पाहिली ती फाटकं, कुत्री,
आणि पावसात वितळलेले पत्ते.
हिरव्या खिडक्यांच्या घरी स्वित्झर्लंडहून पैसे यायचे,
डॉक्टरांकडे काळ्या कडेची पाकिटं.
पिवळ्या घरातल्या असुंतीनाला काहीच यायचं नाही,
तरी ती रोज फाटकाशी उभी.
मी म्हणायचे, आज नाही.
जणू उद्याचं काही ठरलेलं आहे.

आता थैली नाही. आता दिसतो समुद्र,
डाव्या हाताला, खाली, इतका जवळ
की वळणावर नजर आधी पडते आणि
चाक मागून सावरतं.

बुरुजापाशी आम्ही थांबतो. दर गुरुवारी.
वाळलेला पाव पाण्यात बुडवायचा,
वर टोमॅटो चिरडायचा, मीठ.
बुरुजाची समुद्राकडची भिंत ढासळलीय,
आत कुणीतरी प्रेमाची नावं कोरलीत,
एक नाव खोडून त्यावर दुसरं.

त्याचं काम एकच होतं, काही शतकं:
समोरून कोण येतंय ते पाहायचं,
आग पेटवायची,
म्हणजे पुढचा बुरूज पेटेल, मग त्याच्या पुढचा.
हवा स्वच्छ असली की पलीकडे डोंगर दिसतात,
निळ्या कागदाच्या फाटक्या कडेसारखे.
लुआन तिकडे पाहत चावतो, हळू.
तो तिथला. नऊ वर्षांचा असताना आला,
गंजक्या जहाजाच्या डेकवर,
आईच्या मनगटाला रुमालाने बांधलेला.

त्या वर्षी माणसं आली तेव्हा
या बुरुजात शेळ्या होत्या.
खबर तरी पोचलीच, कशी कोण जाणे.
बायका पाव घेऊन धावल्या, घोंगड्या घेऊन.
माझ्या आईने लग्नातली चादर देऊन टाकली
आणि पुढे वर्षभर कुरकुरली.

बंदरावर उतरल्यावर पहिलं काय पाहिलंस, मी विचारलं होतं.
सायकल, तो म्हणाला. भिंतीला टेकवलेली, चेन उतरलेली.
माझीच असणार, मी म्हटलं.
नाही, तो म्हणाला, ती पुसलेली होती.

कास्त्रोच्या किल्ल्याखालून रस्ता एकदम सुटतो,
ब्रेक किंचाळतात, डोळ्यांत पाणी येतं,
आणि मग मीही किंचाळते. का नाही?
पुढे ऑलिव्हची बाग. उभ्या उभ्या वाळलेली,
राखाडी, मैल दोन मैल.
माझ्या आजोबांहून म्हातारी झाडं
एका किड्याच्या थुंकीने गेली.
इथे आम्ही बोलत नाही,
फक्त दोन चेनींची कुरकुर.

चिओलोच्या पुलावरून पोरं उड्या मारतात,
एक आधी क्रॉस करतो, मग नाक धरतो.
लेऊकाला पांढरं दीपगृह, आणि पाटी:
इथे दोन समुद्र मिळतात.
मी खूप बघितलं. शिवण सापडली नाही.

परतीला पिवळं घर उजवीकडे येतं.
फाटकाला कुलूप. पेटीत दुकानांची पत्रकं
कोंबून कोंबून फुगलेली.
माझा हात आपोआप ब्रेकवर जातो.
काय झालं? लुआन विचारतो.
चेन, मी म्हणते.
तो उतरतो, वाकतो, पाहतो.
चेनला काही झालेलं नाही.
खिशातून चिंधी काढतो
आणि एकेक कडी पुसत बसतो.